कोल्हापुरात महापूर येऊनही पटकी (कॉलरा) आली नाही, मग येमेनमध्ये कशी आली?

प्रश्न विचारणारी मुलगी जीएनएमच्या (नर्सिंगच्या) शेवटच्या वर्षाला आहे, गाव चिखली-आंबेवाडीच्या बाजूला, पंचगंगेकाठी. तिचं म्हणणं थोडक्यात असं: २०१९ च्या पुरात आमचं घर आठ दिवस पाण्यात होतं. संडास बुडाले, विहिरी बुडाल्या, जनावरं मेली, शहराचंही पाणी बंद पडलं. तरी गावात कुणाला पटकी झाली नाही. येमेनमध्ये मात्र दहा लाख लोकांना झाली म्हणतात. तिथं एवढ्या संघटना काम करतात आणि ओआरएसचं पाकीट काही रुपयांना मिळतं. मग अडलं कुठं? आणि पुढं अशा ठिकाणी काम करायचं असेल तर काय शिकू?

तुझ्याएवढी माझी मुलगी आहे, म्हणून अरे-तुरेतच लिहितो. मी याच जिल्ह्यात साथरोगांच्या कामात तीस वर्षं काढली. युद्धाच्या मुलखात स्वतः कधी गेलो नाही हे आधीच सांगतो. पण तिथं राबून आलेल्या दोघा-तिघांशी रात्ररात्र बोललोय, आणि आपल्याकडच्या गॅस्ट्रो-काविळीच्या साथी बऱ्याच जवळून पाहिल्यात.

अडलं पंपावर. बाकीचं सगळं त्याचाच विस्तार आहे. तरी तो नीट वाच, कारण नर्सिंगच्या पुस्तकात पंप नसतो.

आधी आपला पूर. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३. शहराला पाणी उपसून देणारी केंद्रं नदीकाठीच असणार, त्यामुळं तीच आधी बुडाली. शिरोलीजवळ हायवे बंद, म्हणजे बाहेरून काही यायची वाटही बंद. त्या आठवड्यात मला झोप नव्हती. पाणी उतरल्यावर दहा-पंधरा दिवसांनी काय येईल, हा हिशेब डोक्यात चालू होता. लेप्टोची (उंदरांच्या मुतातून पाण्यात पसरणाऱ्या तापाची) भीती होतीच, डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या वाटत होतो. पण खरी धास्ती होती ती जुलाब-उलट्यांची.

मोठी साथ आली नाही. टँकर भरताना टीसीएल (क्लोरीनची ब्लीचिंग पावडर) पडते का ते बघायला माणूस उभा होता. आशाताई मेडिक्लोरच्या (घरच्या पाण्यात टाकायच्या क्लोरीनच्या) बाटल्या पिशवीत घालून चिखलातून घरोघर गेल्या. वायरमन बाहेरच्या जिल्ह्यांतून आले. बुडालेल्या मोटारी काढल्या, वाळवल्या, पुन्हा बसवल्या. शाळेत आणि मंगल कार्यालयात राहिलेल्या लोकांना दोन वेळचं जेवण होतं (कोल्हापूरकर कुणाला उपाशी ठेवतोय होय!), त्यामुळं पोरं अशक्त झाली नव्हती. यातल्या कुणाचा पगार त्या महिन्यात थांबला नाही आणि पंपहाऊसच्या वाटेवर कुणी गोळी झाडली नाही. शिवाय पाणी आठ-दहा दिवसांत उतरलं. हे शेवटचं विसरू नकोस. आठ दिवस उसनं अवसान आणून काहीही चालवता येतं. वर्षानुवर्षं तसं चालवता येत नाही.

आपण फार शहाणे म्हणून वाचलो असंही समजू नको. २०१२ च्या उन्हाळ्यात पूर नव्हता, युद्ध नव्हतं, तरी आपल्या शेजारी इचलकरंजीत काविळीची साथ आली. हजारो लोक पिवळे झाले, माणसं गेली. हिपॅटायटिस ई, सांडपाणी मिसळलेल्या पाण्यातून येणारी कावीळ. विषाणू पोटात गेल्यापासून डोळे पिवळे होईपर्यंत दोन ते आठ-नऊ आठवडे जातात. त्यामुळं पेशंटची रांग लागते तेव्हा तू ज्या पाण्याचा नमुना घेतेस ते गुन्हेगार पाणी नसतंच, ते केव्हाच वाहून गेलेलं असतं. त्याच वर्षी जुलैत दक्षिण सुदानमधल्या माबान भागातल्या निर्वासित छावण्यांत हीच कावीळ पसरली. यंत्रमागाचं शहर कुठं आणि ताडपत्रीची छावणी कुठं, पण विष्ठा आणि प्यायचं पाणी यांची गाठ दोन्हीकडं पडली होती. शेवटच्या तीन महिन्यांतल्या गरोदर बायांना ही झाली तर शंभरातल्या वीस-पंचवीस दगावू शकतात. प्रसूतीची नर्स म्हणून हे लक्षात ठेव.

आता पंपाकडं वळू. नळाला पाणी असतं तेव्हा पाइपात आतून दाब असतो. कुठं चीर असली तरी आतलं पाणी बाहेर झिरपतं, बाहेरचं आत शिरत नाही. पंप थांबला की दाब जातो. उताराकडचं पाणी निघून गेलं की पाइप उलटा चोखायला लागतो, आणि चिरेशेजारून गटार जात असेल तर ते आत घेतो. आपल्याकडं पाणी सुटल्यावर आई म्हणते ना, ‘पयलं पाणी सोडून दे, मग भर’? तिनं जलशास्त्र वाचलेलं नाही, पण तिचं निरीक्षण पक्कं आहे. बॉम्ब पडतो तेव्हा तर पाण्याची आणि सांडपाण्याची लाइन एकाच खड्ड्यात फुटते. वर वीज नाही, म्हणजे दाब नाही. सांडपाणी उपसणारा पंपही त्याच विजेवर चालत होता, त्यामुळं तेही तुंबतं.

क्लोरीनचं गणित सोपं दिसतं. चांगली टीसीएल असेल तर हजार लिटरला अडीच ग्रॅम एरवी पुरते. अर्ध्या तासानं लिटरमागं ०.५ मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन उरलं तर पटकीचा जंतू टिकत नाही. पण पाणी गढूळ असेल तर क्लोरीन गाळातच संपतं, म्हणून आधी तुरटी, मग टीसीएल. ताज्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं. पोतं उघडं पडलं, खोली दमट असली, की ते उडून जातं आणि जलसुरक्षक (गावच्या पाण्यात क्लोरीन टाकणारा माणूस) इमानेइतबारे विहिरीत चुना टाकत बसतो. एका गावात (नाव नको) साथ आली म्हणून गेलो आणि ओटी टेस्टचं (पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघायच्या चाचणीचं) रजिस्टर मागितलं. एकाच पेनानं, एकाच हातानं महिनाभर ‘पॉझिटिव्ह’, आणि ते थेट ३१ जूनपर्यंत! रागावलो, मग विचारलं तेव्हा कळलं की त्या जलसुरक्षक पोराला सात महिने मानधनच मिळालं नव्हतं. तेव्हापासून साथ आली की मी रजिस्टरच्या आधी पगाराचं विचारतो.

युद्ध नसतानाही हे होतं. जुलै २०२२ मध्ये मेळघाटात पाचडोंगरीला नळयोजनेची वीज तुटलेली होती. लोक उघड्या विहिरीवर गेले आणि जुलाबाच्या साथीत माणसं मेली. आपल्याच राज्यात, एका तुटलेल्या वीजजोडणीनं हे झालं. आता अख्ख्या देशाची जोडणी तुटली तर काय होईल ते बघ.

येमेनमध्ये सप्टेंबर २०१४ ला हुथी बंडखोरांनी राजधानी साना घेतली. मार्च २०१५ पासून सौदी अरेबियाच्या आघाडीचे हवाई हल्ले सुरू झाले. पटकीची पहिली लाट ऑक्टोबर २०१६ मध्ये आली आणि मोठी लाट एप्रिल २०१७ च्या अखेरीस, पावसाच्या तोंडावर. म्हणजे बॉम्ब पडायला लागल्यावर दीड-दोन वर्षांनी. हे अंतर महत्त्वाचं आहे. तेवढ्या काळात सुटे भाग संपले, जनरेटर झिजले, निम्म्याहून अधिक दवाखाने बंद किंवा अर्धवट चालू राहिले. २०१६ च्या सप्टेंबरात मध्यवर्ती बँक सानाहून एडनला हलवली आणि देशाच्या मोठ्या भागात सरकारी पगार थकले. सुमारे तीस हजार आरोग्य कर्मचाऱ्यांना वर्षभर जवळपास काहीच मिळालं नाही. सफाई कामगारांचंही तेच झालं, कचरा रस्त्यावर साचला. पगार थकले आणि पुढच्याच महिन्यात पटकीची पहिली लाट आली, हा निव्वळ योगायोग असेलही. मला मात्र त्यात आपला ३१ जूनवाला पोरगा दिसतो.

तिथलं भूजल खोल. कित्येक ठिकाणी शेकडो मीटरवरून उपसावं लागतं, म्हणजे डिझेल संपलं की पाणी संपलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये हुथींनी सौदीची राजधानी रियाधवर क्षेपणास्त्र सोडलं, त्यावर सौदी आघाडीनं बंदरं बंद केली आणि इंधन अडलं. होदैदा, सादा, ताइझ या शहरांतले पंप थांबले. शेवटी रेडक्रॉसनं पंपांसाठी डिझेल विकत घेतलं. जखमींना मलमपट्टी करायला निघालेली संस्था साथ रोखायला डिझेल खरेदी करते, यात या रोगाचं खरं निदान आलं. पुढं जून २०१८ मध्ये अब्स इथलं नवं कोरं पटकी उपचार केंद्र हवाई हल्ल्यात सापडलं. आत पेशंट नव्हते म्हणून माणसं वाचली.

दहा लाखांबद्दल एक खुलासा. डिसेंबर २०१७ मध्ये रेडक्रॉसनं जाहीर केलेला आकडा संशयित रुग्णांचा होता. सगळ्यांची विष्ठा प्रयोगशाळेत तपासलेली नव्हती, तेवढ्या प्रयोगशाळाच नव्हत्या. यातले बरेच साध्या जुलाबाचे असणार असं मला वाटतं. पण जिथं साधे जुलाबही लाखोंनी होतात तिथं पाण्याची दशा काय असेल! मृत्यू त्यावेळी २,२०० च्या वर होते, म्हणजे हजारी दोनाच्या आसपास. उपचार न मिळालेल्या गंभीर पटकीत निम्मी माणसं जाऊ शकतात. तेव्हा तुझ्या ओआरएसनं आणि सलाईननं तिथं आपलं काम चोख केलं. बरा झालेला माणूस घरी जाऊन पुन्हा तेच पाणी प्यायला, ती गोष्ट पाकिटाच्या हातातली नव्हती.

पाकिटाचं मोल मात्र कमी लेखू नको. ते आपल्याच माणसानं, युद्धातच सिद्ध करून दाखवलंय. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून (आजच्या बांगलादेशातून) लाखो लोक पश्चिम बंगालात आले. बनगावच्या छावणीत पटकी पसरली आणि शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरभर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खायचा सोडा अशा पुड्या बांधायला लावल्या, पिंपात कालवून तोटी बसवली आणि पाजायचं काम नातेवाइकांवर सोपवलं. सलाईन पुरत नसताना तीसेक टक्क्यांवर जाणारं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. तुमच्या वर्गात त्यांचा फोटो आहे का? असायला हवा.

याच्या उलट टोक म्हणजे गोमा, आजच्या काँगोतलं, रवांडाच्या सीमेवरचं. जुलै १९९४, रवांडातले लाखो लोक काही दिवसांत सीमेपलीकडं त्या गावाभोवती येऊन पडले. जमीन ज्वालामुखीच्या कातळाची, संडास खणता येईनात आणि प्रेतं पुरताही येईनात. प्यायला किवू सरोवराचं पाणी, क्लोरीन नाही. पटकी आणि मागोमाग रक्ताची हगवण. पहिल्या महिन्यात पन्नास हजारांच्या आसपास माणसं मेली. तिथं डॉक्टर होते, औषधंही येत होती, पण माणशी पुरेसं पाणी वेळेवर पोचलं नाही. छावणीत रोज माणशी किमान १५ लिटर हा आज सगळीकडं धरला जाणारा दंडक अशाच अनुभवांतून पक्का झाला. आपण एका अंघोळीला यापेक्षा जास्त सांडतो.

अलीकडचं, त्याच साच्यातलं उदाहरण सुदानचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये उम दबाकीर वीजकेंद्रावर ड्रोन हल्ला झाला. कोस्ती शहराचे पाण्याचे पंप थांबले, लोक गाढवगाड्या घेऊन थेट पांढऱ्या नाईल नदीवर गेले आणि काही दिवसांत दवाखान्यात शेकडो पटकीचे पेशंट. इराकमध्ये १९९१ ला वीजकेंद्रं उडवल्यावर याच वाटेनं टायफॉइड आणि पटकी आली होती. पिण्याच्या पाण्याच्या यंत्रणेवर हल्ला करायला जिनिव्हा करारांना १९७७ मध्ये जोडलेल्या पूरक कराराच्या कलम ५४ नं मनाई आहे. पण वीजकेंद्र पाडलं की पंपाला हात न लावता पंप बंद पडतो. हे नकाशावर बोट ठेवणाऱ्याला कळत नसेल असं मी मानत नाही.

सगळीकडं पटकीच येते असंही नाही. जंतू तिथं असावा लागतो किंवा कुणीतरी आणावा लागतो. येमेनमधला जंतू पूर्व आफ्रिकेतून आला होता असं जनुकीय तपासणीत निघालं. गाझात २०२४ मध्ये पोलिओचा विषाणू आधी सांडपाण्यात सापडला आणि मग ऑगस्टमध्ये दहा महिन्यांच्या बाळाला लुळेपणा आला, पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. युद्धानं पाणी बिघडवलं की जो जंतू हाताशी असेल तो वर येतो. पटकी काय, कावीळ काय, पोलिओ काय, वाट एकच: एकाच्या गुदद्वारातून दुसऱ्याच्या तोंडात. तुझ्या आजीला हे ऐकवत नसेल, पण नर्सनं असंच बोलावं.

आजीवरून आठवलं, मरीआईचा गाडा तिला विचार. गावात पटकी आली की देवीचा गाडा सजवून वाजतगाजत वेशीबाहेर ओढत न्यायचे आणि दुसऱ्या गावाच्या शिवेत सोडून यायचे. मग ते गाव पुढं ढकलायचं. हसू नको, सरकारंही तेच करतात. २०१७ च्या आसपास सुदानात साथ जोरात असताना तिथल्या तेव्हाच्या सरकारनं ‘पटकी’ हा शब्दच वापरू दिला नाही, कागदावर ‘तीव्र पाण्यासारखे जुलाब’. आपल्याकडंही अहवालात ‘गॅस्ट्रोसदृश’ लिहायचा तोंडी आदेश मी एकदा ऐकलाय. नाव टाळलं की लस मागता येत नाही, मदत उशिरा येते. लसही आता मुबलक नाही. जगभरात साथी इतक्या झाल्या की ऑक्टोबर २०२२ पासून तोंडावाटे द्यायच्या दोन डोसांऐवजी एकावर भागवावं लागतंय.

आता काय शिकायचं. उपचाराचा भाग लहान आहे, तो पाठच हवा. गंभीर कोरडा पडलेला मोठा माणूस असेल तर किलोला १०० मिली रिंगर लॅक्टेट (शिरेतून द्यायचं सलाईन) तीन तासांत: पहिल्या अर्ध्या तासात ३०, उरलेल्या अडीच तासांत ७०. साठ किलोच्या माणसाला सहा लिटर. हे ऐकून आपल्याकडच्या सिस्टरांचे डोळे मोठे होतात, कारण तासाला शंभर मिलीची सवय. पटकीत ती सवय माणूस मारते. बुजलेल्या शिरेत जाड इंट्राकॅथ घालायला हात तयार कर. मधे भोक पाडलेली खाट, खाली बादली, बादलीला खुणा: किती गेलं ते मोज, तेवढं घाल. पुष्कळसे पेशंट नुसत्या ओआरएसवर निभावतात, त्यांना बाहेरच थोपवून धरणारी बाई वॉर्ड वाचवते. कुपोषित पोराला मात्र हा वेग लावू नकोस, त्याचं गणित वेगळं, ते स्वतंत्र शीक.

यानंतर शिकायचं ते दवाखान्याबाहेरचं. पेशंटला ‘काय खाल्लं’ विचारण्याआधी ‘पाणी कुठनं भरता, कोण भरतं, नळ कधीपासून बंद आहे’ हे विचारायची सवय लाव आणि उत्तरं कागदावर ठिपक्यांनी मांड. ठिपके एका टाकीभोवती जमले की निम्मं काम झालं. क्लोरीन मोजायला आपली ओटी टेस्ट शिकली असशील. ती मोकळं क्लोरीन नीट दाखवत नाही, बाहेर डीपीडीच्या गोळ्या वापरतात, तेव्हा त्या हाताळून बघ. पाणी टँकरमध्ये चांगलं असतं आणि हंड्यात बिघडतं, कारण हात बुडतो. आपण गावोगाव ‘ओगराळं (लांब दांड्याचं) वापरा’ म्हणून घसा फोडला. तिथं अरुंद तोंडाचा, तोटी असलेला कॅन देतात. तत्त्व तेच. आणि तिथल्या नर्सला पगार मिळतो का, हे पहिल्याच दिवशी विचार. ते विचारायला लाजू नको, ती तुला बरंच काही सांगेल.

परीक्षा झाली की आणखी एक कर. ओळख काढून, परवानगी घेऊन, एखाद्या पाणी उपसा केंद्रावर एक रात्रपाळी बस. ऑपरेटरला विचार, लाइट गेली की पहिल्या दहा मिनिटांत तू काय करतोस, जनरेटरला डिझेल किती तासांचं असतं, ते संपलं तर कुणाला फोन करतोस, आणि त्यानं उचलला नाही तर? पुराच्या वर्षी तो कुठं होता तेही विचार. पाणी मोटारीपर्यंत चढताना शेवटचा बाहेर पडलेला माणूस तोच असण्याची शक्यता आहे. जाताना थर्मासमध्ये चहा ने, पहाटे तीनला तिथं काही मिळत नाही.